शीराच्या गळ्यातला लाल टॅग

शीराच्या गळ्यात मी लाल टॅग अडकवला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. माझी बायको दीना चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "पोर आहे ती, पंप नाही."

"पंप असती तर टॅग लागला नसता," मी म्हणालो. "पंपाला कोणी लपूनछपून खायला घालत नाही."

नागोठण्याजवळच्या एका कंपनीत मी चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात, मी स्टोअरमधून न वापरलेल्या लाल टॅगांचा एक गठ्ठा मागून आणला. यंत्र बंद करून त्याच्यावर काम सुरू केलं की बटणावर हा टॅग लटकवायचा. पुढच्या बाजूला छापलेलं असतं, 'काम चालू आहे. चालू करू नये.' ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. मधे कोणीही हात लावायचा नाही, मग साहेब का असेना. मागच्या बाजूला तीन रकाने असतात, वेळ, नाव आणि काय केलं. चौतीस वर्षांत माझा टॅग कोणी मोडला नाही आणि मी कोणाचा मोडला नाही. हे वाक्य मी पाहुण्यांना ऐकवायला लागलो की दीना आत निघून जाते.

शीरा माझी नात, आठ वर्षांची. जावई बोटीवर असतो, म्हणून माझी मुलगी डेबोरा आणि शीरा आमच्याकडेच, रोह्याला पुलापलीकडे अष्टमी गावात राहतात. शीरा तीन वर्षांची असताना डेबोराला तिला आंघोळ घालताना पोटाच्या डाव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. रोह्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पुढचं काही न सांगता मुंबईला पाठवलं. डाव्या किडनीत गाठ होती, लहान मुलांना होते त्यातली. किडनी काढली. मग सहा महिने सलाइनमधून औषधं, केस गेले, भुवया गेल्या, आणि माझा देवाशी बोलण्याचा सूर फार बिघडला. केस आले. सूर अजून पूर्ण सुधारलेला नाही.

तेव्हापासून आधी दर तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेत परत काही उगवलं नाही ना, आणि उजवी किडनी ठीक आहे ना, एवढंच बघायचं. सगळे फोटो मी तारखेनुसार फाइलला लावलेत. आयुष्यभर गेज वाचले, त्यामुळे उजव्या किडनीची लांबी मला पाठ असते. एकटी पडल्यामुळे ती जरा जास्त वाढली आहे. एका पंपावर अख्खा प्लँट चालतो, असं मी गावात सांगतो. आणि हा शुक्रवार पाचव्या वर्षातला शेवटचा होता. आज स्वच्छ निघालं की पुढे फक्त वर्षातून एकदा यायचं होतं.

सोनोग्राफीला पोट रिकामं लागतं. मागच्या वेळी कोणीतरी शीराला अर्धी चपाती भरवली. पोटात गॅस, मशीनवर सगळं धुरकट, आणि पेणच्या डॉक्टरबाई माझ्यावर रागावल्या. चपाती कोणी दिली ते तेव्हा कळलं नाही. म्हणून या वेळी मी परमिट काढलं. परमिट म्हणजे कंपनीतल्यासारखा लेखी कागद: 'शुक्रवारी सकाळी सहापासून तपासणी होईपर्यंत शीरा हिला कोणीही काहीही खायला देणार नाही. फक्त पाणी.' खाली सह्या. दीनानं केली, डेबोरानं केली. शेजारचे मोरोपंत गुप्ते सर, गणिताचे रिटायर मास्तर, अर्ध्या रोह्याला ज्यांनी त्रैराशिक शिकवलं, त्यांनी कागद दोनदा वाचला, एक स्वल्पविराम घातला आणि मग सही केली. पाच वर्षांत सरांनी पेणची एकही खेप चुकवलेली नाही. ईको गाडीवाला निकेश किती वाजता यायचं ते विचारायला आला होता, त्याची सही मी बॉनेटवर घेतली.

"काका, मी तर डायवर," निकेश म्हणाला. "माजी कशाला?"

"तुझ्या डिकीत नेहमी बिस्किटं असतात, म्हणून."

टॅगची पद्धत शीराला मी लहानपणीच शिकवली आहे. एका सुट्टीत आम्ही दोघांनी घरातल्या पंख्याला, मिक्सरला आणि एका मांजरालाही टॅग लावले होते. तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की माणूस घाबरतो, विसरतो, साहेबापुढे खोटंही बोलतो. म्हणून जे झालं ते तोंडी सांगत बसायचं नाही, टॅगच्या मागे लिहायचं. तिनं ते ऐकून घेतलं होतं. ती ऐकून घेते आणि काही बोलत नाही, हा तिचा स्वभाव.

तर शुक्रवारी सकाळी दीना स्वयंपाकघरात मलिदा करत होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि बाजूला ताटात पाच फळं. आमच्या बेने इस्रायल ज्यू लोकांत एलियाहू हनाबी या पैगंबराचा नवस मलिद्यानं फेडतात. मी म्हणालो, रिपोर्ट येऊ दे, मग कर. दीना म्हणाली, "चांगलाच येणार असं धरून करायचा. रिपोर्ट बघून करायचा तो नवस नव्हे, उधारी." डेबोरा शीराची वेणी घालत होती. मी मागच्या अंगणात विहिरीवरची मोटर बघायला गेलो. मोटर ठीक होती. आठच्या सुमाराला गुप्ते सर आले, साडेआठला आम्ही निघालो. पुलापर्यंत गेल्यावर सरांना चष्म्याची डबी आठवली, म्हणून परत आलो, परत निघालो. नागोठण्यापासून वडखळपर्यंत हायवेचं काम चालू आहे. मी नोकरीत होतो तेव्हाही ते चालूच होतं. वाटेत निकेशनं गाडी थांबवून टायर बघितले. सगळं परमिटप्रमाणे चाललं होतं आणि मी समाधानी होतो.

डॉक्टर नम्रता एरवी मुंबईला असतात, पेणला फक्त शुक्रवारी येतात. शीरा टेबलावर आडवी झाली, फ्रॉक वर घेतला आणि म्हणाली, "आधी उजवी."

"हो बाई, आधी उजवी," डॉक्टर म्हणाल्या. पोटावर गार जेल पडलं. टॅग मधे येत होता म्हणून शीरानं तो मुठीत धरला. उजवी किडनी दहा पॉइंट एक सेंटिमीटर निघाली.

"मागच्या वेळी नऊ पॉइंट आठ," मी म्हणालो.

"तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या. त्या हे दर वेळी म्हणतात आणि मी दर वेळी थांबतो. या वेळी तर आम्ही पाचही जण आत होतो. निकेशसुद्धा, दाराला टेकून.

मग त्या डाव्या बाजूला आल्या. यंत्र पोटावरून फिरत गेलं, थांबलं, पुढे गेलं, परत तिथंच आलं. गेज वाचणारा माणूस एकाच गेजकडे तीनदा परत आला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं, हे मला कोणी शिकवायला नको. मी डेबोराकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी शीराला कुशीवर वळवलं, श्वास धरायला सांगितला, परत बघितलं.

"हिनं सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही," आम्ही पाच जण एका सुरात म्हणालो. मी वर परमिट काढून दाखवलं. डॉक्टरांनी ते वाचलं. स्वल्पविरामासकट.

"नक्की?"

"चौतीस वर्षांत," मी सुरुवात केली, पण त्यांनी हात वर केला.

त्यांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत आणलं आणि दार लोटून घेतलं. "डाव्या बाजूला, किडनी होती त्या जागी, तीन सेंटिमीटरचं काहीतरी दिसतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "किडनी काढली की आतडं सरकून त्या रिकाम्या जागेत येऊन बसतं. आतड्यात अन्न असलं तर ते हुबेहूब गाठीसारखं दिसू शकतं. हिनं खाल्लेलं असतं तर मी म्हणाले असते, चार-पाच तास थांबा, परत बघू. पण पोट रिकामं आहे म्हणताय, तर मला आज मुंबईला सीटी स्कॅनसाठी लिहून द्यावं लागेल. मला ते लपवता येणार नाही."

सीटी म्हणजे परत तो जिना, तो वास, हातात सुई, आणि ते बोगद्यासारखं मशीन, ज्याच्यात जाताना तीन वर्षांची शीरा डेबोराचं बोट सोडत नव्हती.

"एक चमचा," दीना म्हणाली.

"काय एक चमचा?" मी विचारलं.

"मलिद्याचा. तिच्या नावानं केलेला, पहिला घास तिलाच द्यायचा असतो. ते काही खाणं नव्हे."

मला एरवी असा राग आला असता की दीनाला माहेर आठवलं असतं. पण या वेळी माझ्या छातीतलं काहीतरी थोडं सैल झालं.

"मी दूध दिलं," डेबोरा म्हणाली. "अर्धा ग्लास. दूध म्हणजे पाणीच ना, पपा?"

गुप्ते सर घसा साफ करत पुढे आले. "मी दहीसाखर दिली. तळहातावर. महत्त्वाच्या कामाला निघताना आपल्याकडे देतात, तो शकुन असतो, त्याला आहार म्हणत नाहीत. मी चाळीस वर्षं परीक्षेला जाणाऱ्या पोरांना देत आलोय."

"सर, तुम्ही सही केलीत," मी म्हणालो.

"केली ना. आहारावर केली."

निकेश दारापाशी पाय बदलत होता. "म्याडम, मी बिस्किटा दिली. पोरीला गाडी लागू नय म्हणून. ती औषदातच धरायची."

आता सगळ्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. मिनिटभरापूर्वी जो गुन्हा होता तो आता सगळ्यांना हवा होता. दीना म्हणाली, खरं तर दोन चमचे. डेबोरा म्हणाली, ग्लास मोठा होता. निकेश बिस्किटांचा आकडा वाढवायला लागला. डॉक्टर आमच्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी ते सांगितलं जे मला आधीच सुचायला हवं होतं.

"दोन मिनिटांपूर्वी तुम्ही सगळे नाही म्हणालात. खाल्लं असेल तर बरं, असं मी सांगितल्यावर सगळे हो म्हणताय. मी कशावर विश्वास ठेवू? तुम्हाला ती गाठ नको आहे, हे मला कळतंय. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी थांबले आणि ती गाठच असली, तर?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आजोबा, परमिट तुमचं आहे. तुम्ही काही दिलंत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीना तर अशी बघत होती की चौतीस वर्षं तिनं याच क्षणाची वाट पाहिली असावी.

"अर्धं केळं," मी म्हणालो.

"अहो," दीना म्हणाली.

"मी मोटर बघायला गेलो होतो, तिथं ती आली. भुकेनं पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ताटातलं केळं खिशात होतं. दिलं."

"ताटातलं केळं तुमच्या खिशात कसं आलं?"

मी परमिटाची घडी घालायला लागलो. माणसाला स्वतःचाच टॅग मोडल्याचं कबूल करावं लागलं की केळ्याचा तपशील कोणी विचारू नये. आणि एवढं करून उपयोग शून्य. डॉक्टरांनी मान हलवली आणि पॅड पुढे ओढलं. माझी आयुष्यातली पहिली कबुली, आणि तीही कोणी खरी मानेना.

दार उघडून शीरा बाहेर आली. पोटावरचं जेल तिनं स्वतःच पुसलं होतं. "कपडे नीट करू का?" तिनं विचारलं.

डॉक्टर तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "शीरा, तू आज काय काय खाल्लंस?"

शीरानं आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी मला, कोणाला सांगू नको, म्हणून सांगितलंय. मी सगळ्यांना हो म्हटलंय."

"अगो, आता सांग," दीना म्हणाली.

"तोंडी सांगायचं नसतं." तिनं गळ्यातला टॅग पुढे केला आणि उलटा फिरवला. "इथं आहे."

मागच्या तीन रकान्यांत शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कडेला जेल लागून कागद ओला झाला होता. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरला आणि मोठ्यानं वाचला.

"सहा वीस. आई. दूध अर्धा ग्लास. आई म्हणाली दूध म्हणजे पाणी. सहा पंचावन्न. आजी. मलिदा एक चमचा. मग एक चमचा. मग वाटी. सात चाळीस. आजोबा." इथं त्या थांबल्या, डोळे खाली खाली गेले, मग म्हणाल्या, "अर्धं केळं. आठ दहा. गुप्ते सर. दहीसाखर. आठ चाळीस. गुप्ते सर. परत दहीसाखर, कारण डबी विसरली आणि शकुन मोडला. नऊ पस्तीस. निकेशकाका. बिस्किटं पाच. टायरला काही झालं नव्हतं."

निकेश स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"यावर मी विश्वास ठेवते," डॉक्टर म्हणाल्या आणि पॅड बाजूला सारलं. "साडेतीनला परत बघू. तोवर ही माझ्याकडे. पुतळीबाई, हिच्यापाशी बसा. आणि या पाच जणांपैकी एकालाही जवळ येऊ देऊ नका."

पुतळीबाई तिथल्या आया. त्यांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. निकेशनं पाण्याची बाटली नेऊन दिली तर ती त्यांनी उघडून, वास घेऊन मगच आत दिली. मला ती बाई कंपनीत हवी होती.

दुपारी आमच्यापैकी कोणी जेवलं नाही. तसं ठरवलं नव्हतं, पण डबा कोणी उघडेना. दरफाळणीच्या सणाला आम्ही दारं लावून पंचवीस तास कडकडीत उपास करतो आणि मी कधी कुरकुर केलेली नाही. त्या बाकावरचे साडेचार तास त्याहून लांब होते. मला भीती वाटत होती, हे सांगून टाकतो. टॅगवर लिहिलं आहे म्हणून ती गाठ नव्हे, असं थोडंच असतं. खाल्लं होतं हे खरं ठरलं, पण आत काय आहे ते अजून तिथंच होतं. गुप्ते सर बोटांवर काहीतरी मोजत होते. निकेशनं गाडी दोनदा धुतली. डेबोरा एकदाच बोलली. "पपा, मागच्या वेळची चपाती माझी होती," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

साडेतीनला डॉक्टरांनी फक्त मला आणि डेबोराला आत घेतलं. शीरानं टॅग मुठीत धरला. यंत्र सरळ डावीकडे गेलं. थांबलं. सरकलं. मी स्क्रीनकडे बघत होतो आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, इतक्या वर्षांची फाइल असून.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "हललं. दिसलं? हे आतडंच आहे. सकाळी गच्च भरलेलं होतं, आता रिकामं झालंय. आणि त्याच्या मागे," त्यांनी यंत्र जरा दाबलं, "काही नाही. जागा स्वच्छ आहे."

"काही नाही?" डेबोरानं विचारलं.

"काहीच नाही. पुढच्या वर्षी या. आणि येताना हिला एकटीला पाठवलंत तरी चालेल, ती जास्त नीट उपास करेल."

डेबोरा भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर दीनाला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वेलचीचा वास आतपर्यंत आला.

काम संपलं की टॅग लावणाऱ्यानं स्वतः काढायचा, मागे वेळ घालून 'काम पूर्ण' लिहायचं आणि सही करायची. मी शीराच्या गळ्यातून तो काढला. गुप्ते सरांनी दारातून पेन दिलं. मी टॅग उलटा केला आणि तिसरी ओळ पहिल्यांदाच पूर्ण वाचली. डॉक्टरांनी सकाळी ती मोठ्यानं पूर्ण वाचली नव्हती.

'७.४०. आजोबा. अर्धं केळं. मला भूक नव्हती. आजोबा विहिरीच्या मागे रडत होते. मी खाल्लं तर थांबतील म्हणून खाल्लं. थांबले.'

मी दीनाला, डॉक्टरांना आणि वर तुम्हालाही सांगितलं, की पोरीचं तोंड भुकेनं एवढंसं झालं होतं. ते खोटं होतं. मोटरीला काही झालं नव्हतं. मी मलिद्याच्या ताटातलं केळं घेऊन मागे गेलो होतो, कारण रडताना हातात काहीतरी असलं की माणूस काहीतरी करतोय असं वाटतं.

मी वेळ लिहिली, नाव लिहिलं. 'काय केलं' या रकान्यात 'काम पूर्ण' लिहायला गेलो तर अक्षरं दिसेनात. तेव्हा शीरानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टॅग टेबलावर ठेवला, आणि जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं.

'परत रडले. आता मला भूक आहे.'